सिन्नरचा बिनमास्तरांचा वर्ग

सिन्नर पाहिले नाही असा नाशिककर सापडायचा नाही आणि सिन्नर पाहायला म्हणून मुद्दाम गेलेला नाशिककरही सहसा सापडायचा नाही. पुण्याला निघालेला माणूस सिन्नरवरून जातो, शिर्डीला निघालेला सिन्नरला वळतो. नाशिकरोड मागे पडले, शिंदे-पळसे झाले, मोहदरीचा घाट चढून गाडी वर आली की बाईमाणसे पिशवीतला डबा चाचपतात, मुले "चहा प्यायला थांबू या ना" म्हणून टुमणे लावतात आणि ड्रायव्हर म्हणतो, "पुढं थांबू." त्या 'पुढं'मध्ये सिन्नर केव्हा येऊन जाते ते कळतही नाही. आता तर गावाला वळसा घालून जाणारा रस्ता झाला आहे. 2023 च्या मे महिन्यात समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा भाग खुला झाला आणि सिन्नर तालुक्यातून मोटारी अशा सुसाट जाऊ लागल्या, की गावाचे नाव पाटीवर नीट वाचून होईपर्यंत गाव मागे पडलेले असते.

अशा या गावी मी गेल्या मे महिन्यात चांगला आठवडाभर मुक्काम ठोकला. माझी थोरली बहीण तिथे राहते. "उन्हाळ्यात सिन्नरला? हौस दांडगी दिसते!" असे आमच्या सौभाग्यवतींनी ऐकवलेच. पण कारणही तसेच होते. बहिणीची नात नाशिकला कॉलेजात शिकते. तिने आणि तिच्या तीन मित्रमैत्रिणींनी मिळून सुट्टीत गावातल्या मुलामुलींसाठी लेखनाचा वर्ग काढला होता. शिकवणारे चौघे, वय एकोणीस-वीस. शिकणारी बावीस मुले, वय तेरा ते सोळा. फी नाही, प्रमाणपत्र नाही, आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट म्हणजे वर्गात मास्तर नाही. "मामाआजोबा, या तुम्ही. पण मधे बोलायचं नाही हं," अशा अटीवर मला आमंत्रण मिळाले होते.

वर्गाची हकिगत सांगण्यापूर्वी गावाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. ती आपल्यापैकी पुष्कळांना नसते, आणि त्या बावीस मुलांनाही नव्हती.

सिन्नर ही एके काळी राजधानी होती. देवगिरीच्या यादवांचे नाव आपण शाळेत घोकतो. पण हे यादव देवगिरीला जाण्यापूर्वी सिन्नरला नांदत होते. भिल्लम पाचवा याने 1187 च्या सुमारास देवगिरीला राजधानी केली आणि सिन्नरचे वैभव तिकडे गेले. मागे राहिली ती काळ्या दगडाची देवळे. त्यातले गोंदेश्वराचे देऊळ म्हणजे महाराष्ट्रातल्या जुन्या देवळांत मोठ्या मानाने ज्याचे नाव घ्यावे असे शिल्प आहे. लोक त्याला हेमाडपंती म्हणतात. पण ज्या हेमाद्री पंडिताच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते तो तेराव्या शतकातला, आणि हे देऊळ साधारणपणे अकराव्या-बाराव्या शतकातले मानतात. म्हणजे नातवाचे नाव आजोबांना लावावे तसा हा प्रकार झाला.

पुढच्या काळातही सिन्नरचे दैव तेच राहिले. गावापासून जवळच डुबेरे म्हणून खेडे आहे. तिथल्या बर्व्यांच्या वाड्यात 18 ऑगस्ट 1700 रोजी पहिला बाजीराव जन्मला. राधाबाईंचे ते माहेर. बाळंतपण सिन्नरच्या मुलखात झाले, मुलगा मोठा झाल्यावर त्याने नाव केले ते पुण्याचे. राजधानी देवगिरीला दिली, पेशवा पुण्याला दिला. सिन्नरच्या वाट्याला काय आले म्हणाल, तर विडी. कितीतरी वर्षे महाराष्ट्रात सिन्नर म्हटले की विडी असेच समीकरण होते. पुढे माळेगाव आणि मुसळगावला औद्योगिक वसाहती आल्या, कारखान्यांच्या बशी धावू लागल्या, माणसे पाळीवर जाऊ लागली. तरी जुन्या वस्तीत दुपारच्या वेळी हिंडावे, तर एखाद्या उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई अजून दिसते.

तर असे हे गाव. आता वर्गाकडे वळू.

वर्ग भरायचा सकाळी साडेसातला, एका बंद असलेल्या पीठगिरणीच्या मोकळ्या खोलीत. सतरंज्या शेजारपाजारहून आणलेल्या. दाराशी भाकरीची एक टोपली ठेवलेली असे, तिच्यात मोबाईल टाकल्याशिवाय आत प्रवेश नाही. पहिल्या दिवशी त्या टोपलीकडे मुले अशी पाहत होती, की जणू देवळाबाहेर नवे कोरे बूट काढून ठेवतो आहोत.

शिकवणाऱ्या चौघांना मुले 'ताई' आणि 'दादा' म्हणत. माझ्या बहिणीचे शेजारी, एक निवृत्त हेडमास्तर, रोज सकाळी फिरून परतताना दारात डोकावत. त्यांना हा सगळा प्रकार मुळीच पसंत नव्हता. "अहो, ज्यांच्या स्वतःच्या लेखनाला अजून मिसरूड फुटलेली नाही, ते दुसऱ्याला काय शिकवणार? आणि लिहिणं ही काय शिकवायची गोष्ट आहे?" असा त्यांचा बिनतोड सवाल असे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात 1936 पासून लेखनाचे रीतसर वर्ग चालतात आणि तिथे जगभरचे लेखक येऊन जातात, असे मी त्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, "तिथं शिकवणारे तरी दाढीमिशीवाले असतील!"

पहिल्या दिवशी मुलांना एकच काम दिले होते : 'माझे गाव' या विषयावर दहा ओळी लिहा. बावीस वह्या गोळा झाल्या. बावीसपैकी सतरा वह्यांत सिन्नर निसर्गाच्या कुशीत वसलेले होते. आता सिन्नरचा पूर्वभाग म्हणजे पर्जन्यछायेचा, कोरडा. पावसाने हुलकावणी दिली की टँकरची वाट पाहणारी गावे त्यात पुष्कळ. माझ्या नातीने एक वही उचलली आणि विचारले, "काय रे, ही कुशी कुठं आहे? मला दाखवशील?"

मुलगा गोंधळला. म्हणाला, "ताई, निबंधात तसं लिहायचं असतं."

"का बरं?"

"मार्क मिळतात."

"इथं मार्क नाहीत. आता लिही."

मुलाने वही परत घेतली आणि पेनाचे टोपण दातांत धरून तो बराच वेळ बसून राहिला. मार्कांचा टेकू काढून घेतला की वाक्य उभे राहीना! शेवटी त्याने लिहिले, ते असे, की त्यांच्या घरी टँकर आला की आजी पहिल्यांदा देवाचा तांब्या भरते आणि मग भांडायला जाते. वर्ग खो खो हसला. दारात डोकावणारे हेडमास्तरही हसले, पण लगेच गंभीर होऊन निघून गेले.

चौघांनी वर्गाचे नियम फळ्यावर लिहून ठेवले होते. जे स्वतः पाहिले, ऐकले, हुंगले किंवा मोजले तेच लिहायचे. 'नयनरम्य', 'अविस्मरणीय' आणि 'मन प्रसन्न झाले' यांना आठवडाभर सुट्टी. दुसऱ्याचे लेखन ऐकताना हसू आले तर हसायचे, पण हसण्याचे कारण सांगायचे. आणि शेवटचा नियम : ताई-दादांनीही रोज लिहायचे आणि मुलांनी ते तपासायचे. या शेवटच्या नियमाचा मुलांनी पुरेपूर वचपा काढला. एका दादाच्या कवितेत चंद्र तीनदा आला होता. एका तेरा वर्षांच्या चिमुरडीने त्यातले दोन चंद्र तांबड्या शाईने खोडले आणि शेरा मारला, 'एका रात्री एकच असतो.'

तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे मंडळी गोंदेश्वराला निघाली. मीही काठी घेऊन निघालो. मे महिन्यातही सिन्नरची पहाट गार असते. ती सूर्य वर येईपर्यंतच, पण असते. देवळाच्या आवारात शिरले की गावाचा गलबला मागे राहतो. उंच जोत्यावर मधोमध महादेवाचे मुख्य देऊळ, त्याच्या समोर नंदीचा मंडप आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळे : विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची. या मांडणीला पंचायतन म्हणतात. मुख्य शिखर भूमिज पद्धतीचे आहे. म्हणजे मोठ्या शिखराच्या अंगावर त्याच्याच लहान लहान प्रतिकृती ओळीने रचीत वर नेलेल्या. दुरून पाहावे तर एक शिखर, जवळून पाहावे तर शिखरांचे गावच्या गाव. मुलांनी हे देऊळ जन्मापासून पाहिलेले. दर महाशिवरात्रीला यायचे, नारळ फोडायचा, परत जायचे. आज त्यांना सांगितले गेले, की प्रत्येकाने एकच दगड निवडायचा आणि अर्धा तास त्याच्यासमोर बसायचे.

अर्धा तास! चौदा वर्षांच्या पोराला अर्धा तास दगडासमोर बसवणे म्हणजे काय ते घरोघरच्या आयांना विचारावे. पहिली दहा मिनिटे चुळबुळ, दुसरी दहा मिनिटे जांभया. मग हळूहळू माना खाली झाल्या. कोणी खालच्या थरातले हत्ती मोजू लागला. एकीने खांबावरच्या नर्तकीचे पाऊल वहीत काढले आणि खाली लिहिले, 'हिच्या पायाला बोटे आहेत, पण झिजून सगळी एक झाली आहेत. माझ्या आजीच्या पायासारखी.' एक मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आजोबा, राजाचं नाव सगळीकडं आहे. पण हा हत्ती ज्यानं केला त्याचं नाव कुठं असेल हो?"

मला मध्ये बोलायची मनाई होती, म्हणून मी गप्प राहिलो. पण खरे सांगायचे, तर मनाई नसती तरी मी काय सांगणार होतो? ज्यांच्यापाशी लिहवून घेणारे असतात त्यांचीच नावे मागे राहतात. पाथरवटांच्या हातून राहिला तो हत्ती.

एका दुपारी मुलांना 'गारगोटी' पाहायला नेले. माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत 2001 साली खनिजांचे हे संग्रहालय उघडले. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो थंड होताना त्यात हवेच्या पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो वर्षे खनिजांचे पाणी त्या पोकळ्यांत झिरपत गेले आणि आतल्या आत स्फटिक तयार झाले. स्टिल्बाइट, अपोफिलाइट अशी त्यांची अवघड नावे, पण रूप असे, की बायकांनी दागिन्यांच्या दुकानात थबकावे तसे आपण काचेपाशी थबकतो. पांढरे, गुलाबी, पोपटी झुबके! विहिरी खणताना, खाणी फोडताना असे धोंडे निघतात. गोंदेश्वर ज्या जातीच्या दगडातून घडला त्याच जातीच्या दगडाच्या पोटातले हे लेणे. एक मुलगा उत्साहाने म्हणाला, "ताई, मी लिहिणार, माणूसही असाच, वरून धोंडा नि आतून हिरा!" ताई म्हणाली, "लिही की. पण बावीसजण हेच लिहिणार आहेत. तू दुसरं काहीतरी शोध." बिचाऱ्याचा चेहरा पडला. मात्र संध्याकाळी त्याने तिथल्या दिव्यांविषयी, काचेवर उमटलेल्या बोटांच्या ठशांविषयी आणि ते ठसे दिवसभर पुसत राहणाऱ्या माणसाविषयी लिहून आणले. वर्गात ते वाचले गेले तेव्हा कोणी हसले नाही.

हेडमास्तरांच्या सवालाचे उत्तर मला याच दिवसांत मिळाले, आणि तेही सिन्नरच्या रस्त्यावर. दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरीला निघते ती सिन्नर तालुक्यातूनच जाते. दातलीला रिंगण होते. माझ्या बहिणीच्या घरी पालखीच्या शिध्याची यादी आतापासून चालली होती. ती यादी ऐकता ऐकता माझ्या मनात आले, अरे, हे निवृत्तिनाथ कोण? ज्ञानदेवांचे थोरले भाऊ, आणि गुरूही तेच. परंपरेने सांगितलेले जन्मशक धरले तर दोघांत अंतर अवघे दोन वर्षांचे. नेवाशाला 1290 साली ज्ञानेश्वरी सांगून झाली तेव्हा सांगणारा पंधरा वर्षांचा आणि त्याचा गुरू सतरा वर्षांचा! त्या वेळी देवगिरीला राज्य करीत होता रामदेवराव यादव, म्हणजे सिन्नरहून गेलेल्या त्याच घराण्याचा वंशज. मराठी भाषेचे एवढे मोठे लेणे घडले ते दोन किशोरवयीन भावांच्या गुरुशिष्यपणातून. त्यांना दाढीमिशी कुठे होती?

ज्ञानदेवांची बरोबरी कोणाशी करायची नाही, हे मला कळते. पण थोरल्याने धाकट्याचे बोट धरावे ही रीत आपल्याकडे नवी नाही, एवढेच सांगायचे आहे. आपल्या नाशिकचेच पाहा. 1933 साली एच.पी.टी. कॉलेजातल्या एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने 'ध्रुव मंडळ' काढले. त्याच वर्षी त्याच्या कवितांचे 'जीवनलहरी' हे पहिले पुस्तक निघाले. तो विद्यार्थी म्हणजे विष्णू वामन शिरवाडकर, आपले कुसुमाग्रज. पुढे त्यांना ज्ञानपीठ मिळाले, त्यांचा जन्मदिवस 27 फेब्रुवारी हा मराठी भाषेचा दिवस झाला. पण आरंभी होते ते पोरवयातले एक मंडळच. आणि त्याच 1933 सालच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजी 'श्यामची आई' लिहीत होते. अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ती लिहून काढली. हेच गुरुजी त्याआधी अमळनेरला शिक्षक असताना छात्रालयातल्या मुलांसाठी रोज एक हस्तलिखित दैनिक काढीत असत. छापखाना नाही, वर्गणी नाही. हाताने लिहायचे आणि मुलांनी वाचायचे.

हेडमास्तरांना मी हे सगळे ऐकवले. ते थोडा वेळ काठीने जमीन टोकरीत उभे राहिले आणि म्हणाले, "असेल. पण त्यांच्यापाशी सांगण्यासारखं काहीतरी होतं. आमच्या सिन्नरच्या पोरांपाशी काय आहे?"

त्याचे उत्तर पाचव्या दिवशी आले.

वर्गात एक पंधरा वर्षांची मुलगी होती. भिंतीला टेकून बसायची, बोलायची नाही. त्या दिवशी विषय दिला होता 'हात'. तिने चार पाने लिहिली होती. ती वाचायला उठली तेव्हा पंख्याच्या आवाजात पहिले वाक्य कोणाला ऐकूच आले नाही. कोणीतरी पंखा बंद केला.

तिने आईच्या हातांविषयी लिहिले होते. रात्री तेंदूची पाने भिजत घालायची, सकाळी ती पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, सुपात तंबाखू घ्यायची, चिमूट भरायची, वळायची, टोक दुमडायचे, दोऱ्याचा वेढा द्यायचा. आई बोलताना, रडताना, ताप आलेला असतानाही बोटे कशी आपली आपण चालतात. पंचवीस-पंचवीसची बंडले बांधून ती दिली, की पलीकडचा माणूस कशा त्यातल्या काही 'छाट' म्हणून बाजूला काढतो आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. आईच्या बोटांना साबण लावला तरी तंबाखूचा वास कसा जात नाही, आणि लहानपणी ताप आला की तोच वास कपाळावर आला म्हणजे तिला कसे बरे वाटायचे. आणि आईचा खोकला. आणि शेवटी, शाळेत 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यात ती दरवर्षी 'गृहिणी' असे का लिहिते.

ती खाली बसली. पंखा पुन्हा लावायचे कोणाला सुचेना.

विडी कामगारांसाठी 1966 साली स्वतंत्र कायदा झाला, त्यांच्या कल्याणनिधीचा कायदा 1976 साली झाला, हे मला ठाऊक होते. तंबाखूने काय होते ते पाकिटावरच छापलेले असते. पण त्या रकान्याची गोष्ट ना कायद्यात आहे, ना पाकिटावर.

वर्ग सुटल्यावर चौघांची बैठक बसली आणि तिथे खडाजंगी झाली. शेवटच्या दिवशी पालकांना बोलावून निवडक लेखनाचे वाचन करायचे ठरले होते. चंद्रवाले दादा म्हणाले, "हे वाचलंच पाहिजे. एवढंच कशाला, वर्तमानपत्राला पाठवू. फोटोसकट येईल!" दुसरी ताई म्हणाली, "आणि तिची आई समोर बसलेली असेल तर? गावासमोर घरातलं काढलं म्हणून पोरीला घरी काय ऐकावं लागेल?" दादा म्हणाले, "मग खरं लिहा म्हणून आपण सांगितलं कशाला? खरं लिहिलं आणि आता झाकायचं?"

दोघांचेही बरोबर होते, आणि पंचाईत होती ती हीच. शाळा असती तर मास्तरांकडे जाता आले असते. त्यांनी एक काय ते ठरवले असते आणि जबाबदारी त्यांच्या माथी गेली असती. इथे मास्तर नव्हते. चौघांनी माझ्याकडे पाहिले. मी बोलायची मनाई असल्याची खूण केली. वीस वर्षांच्या वयात दुसऱ्याच्या घराची अब्रू हातात येणे ही काही लहान गोष्ट नव्हे, पण ती पेलायला ती मुले आपण होऊन पुढे आली होती.

बराच वेळाने माझी नात म्हणाली, "कागद तिचा आहे, पण हात आईचे आहेत. आधी आईला वाचून दाखवू दे. मग त्या दोघी ठरवतील." यावर मात्र कोणी वाद घातला नाही.

त्या रात्री त्या घरात काय झाले ते मुलीने दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले, तेवढेच मला माहीत आहे. आईने हातातले काम न थांबवता चारी पाने ऐकून घेतली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हजार लिहिलंयस ते चुकीचं आहे. हजार मी लग्नाआधी वळायचे. आता आठशे होतात. लिहायचं तर खरं लिही." पुढे तिने आणखी दोन चुका काढल्या. दोऱ्याचा वेढा कसा देतात ते मुलीने उलटे लिहिले होते. आणि एक वाक्य काढून टाकायला सांगितले. ते वाक्य कोणते, ते वर्गात कोणी विचारले नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी गिरणीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आया पुढे, बाप मागे भिंतीला उभे, धाकटी भावंडे खिडकीत. टँकरवाली आजी आली होती, आपल्या भांडणाची कथा ऐकून ती पदरात तोंड लपवून हसली आणि मग मोठ्याने म्हणाली, "त्या दिवशी चूक त्यांचीच होती, तेबी लिही!" काचा पुसणाऱ्या माणसाची कथा झाली. तांबड्या शाईवाल्या मुलीने कविता वाचली. तिच्या कवितेत चंद्र एकच होता. आणि मग 'हात' वाचले गेले. आठशे हा आकडा आला तेव्हा दुसऱ्या रांगेतली एक बाई मान किंचित हलवून 'हां' म्हणाली. एवढेच. टाळ्या झाल्या तेव्हा तिने हात पदराखाली घेतले होते. मग थोड्या वेळाने बाहेर काढले.

हेडमास्तर मागे उभे होते. कार्यक्रम संपल्यावर ते पुढे आले आणि मुलीला म्हणाले, "तिसऱ्या पानावर तू 'सूप' हा शब्द दोनदा सामान्यरूपात चुकवलास. उद्या घरी ये, सांगतो." मग काठी टेकीत निघून गेले. ही त्यांची शाबासकी होती, हे सगळ्या वर्गाला समजले. ती मुलगी दुसऱ्या दिवशी गेली, आणि तिच्याबरोबर आणखी पाचजण गेली. वर्गाला मास्तर मिळाले ते वर्ग संपल्यावर!

वाचकहो, आपल्या घरोघरी सुट्टीचा प्रश्न दरवर्षी पडतो. पोहण्याचा वर्ग, चित्रकलेचा वर्ग, संगणकाचा वर्ग. पैसे भरायचे, पोचवायचे, आणायचे. त्यात चुकीचे काही नाही. पण आपल्या इमारतीत, आपल्या गल्लीत एखादी कॉलेजात जाणारी ताई असतेच. तिला आठ दिवस, एक रिकामी खोली आणि एक टोपली द्यावी. फळ्यावर काय लिहायचे ते ती ठरवील. आपण फक्त मध्ये बोलायचे नाही आणि शेवटच्या दिवशी पुढच्या रांगेत येऊन बसायचे. आपल्याविषयी काही वाचले गेलेच, तर आकडा बरोबर आहे की नाही तेवढे पाहायचे.

दादांचा वर्तमानपत्राचा बेत शेवटी मागे पडला. मुलांनी बावीस लेख एकटाकी लिहून काढले, सुईदोऱ्याने शिवले, तेंदूच्या पानाचा छाप उठवून मुखपृष्ठ केले आणि हस्तलिखित तयार झाले. त्याची प्रत एकच. ती एकेका घरी आठ-आठ दिवस राहते आणि पुढच्या घरी जाते. नाशिकला नेऊन तिची झेरॉक्स काढून देतो, असे मी सुचवून पाहिले. नातीने साफ नकार दिला. "ज्याला वाचायचंय त्यानं सिन्नरला यावं," ती म्हणाली, "आजवर सगळं इथून बाहेरच गेलंय."

तेव्हा यंदा पुण्याला किंवा शिर्डीला निघालात, तर ड्रायव्हरला 'पुढं थांबू' म्हणू देऊ नका. वळसा टाळून गावात शिरा. आधी गोंदेश्वराच्या आवारात अर्धा तास एका दगडासमोर बसा, दुपारी गारगोटीचे स्फटिक पाहा, वेळ असला तर डुबेऱ्याला जाऊन या. आणि मग जुन्या वस्तीत एखाद्या शाळकरी मुलाला थांबवून विचारा, की सध्या हस्तलिखित कोणाच्या घरी आहे. तो घर दाखवील. चहा मिळेल. मात्र वाचण्यापूर्वी मोबाईल टोपलीत टाकावा लागेल.